शाळेत 'दयाळूपणा सप्ताह' करायचाय म्हणे, फ्लेक्स सोडून काय करता येईल?

मुग्धा_सातारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लेकाच्या शाळेत (मराठी माध्यम, अनुदानित, पाचवी ते दहावी, सेमी आहे) दिवाळीनंतर 'दयाळूपणा सप्ताह' करायचं चाललंय आणि मी यंदा पालक-शिक्षक संघात आहे म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी कल्पना मागितल्यात. पहिल्या मीटिंगमध्ये जे आलं ते असं की गेटवर मोठा फ्लेक्स, निबंध स्पर्धा, एका डॉक्टरांचं व्याख्यान, सेल्फी पॉइंट आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना गुलाबाचं फूल द्यायचं.

वाईट काहीच नाही यात. पण ज्या पोराला मधल्या सुट्टीत कुणी डब्याला बसवून घेत नाही त्याचं या फ्लेक्सने काय होणारे हे मला कळेना. तो निबंधात मैत्रीचं महत्त्व लिहील, कदाचित नंबरही काढेल आणि सोमवारी परत जिन्याखाली एकटाच डबा खाईल. आमच्याकडे असं एक मूल आहे, सगळ्या आयांना माहितीये, शिक्षकांनाही माहितीये, म्हणून विचारतेय.

इथे शिक्षक आहेत, समुपदेशक आहेत, परदेशातले पालक आहेत. तुमच्याकडे खरंच चाललेलं काही असेल तर सांगा. पैसे फारसे नाहीत संघाकडे हे आधीच सांगून ठेवते.

खडूस_मुंबईकर

सेल्फी पॉइंटवर कोण उभं राहणार, दयाळू विद्यार्थी की नगरसेवक? 😄
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, येऊद्यात.

आबा_६३

मुग्धाताई, राग मानू नका. आमच्या वेळी अंगठे धरून उभं करायचे, हातावर पट्टी बसायची, मास्तर घरी सांगायला आले तर घरचा मार वेगळा. काय झालं आम्हाला? नोकऱ्या केल्या, संसार केले. आता जरा कुणी बोललं की मुलांना लगेच स्ट्रेस, लगेच डिप्रेशन. थोडं घट्ट होऊ द्या की त्यांना.

खडूस_मुंबईकर

आबा, पट्टी मारणाऱ्या मास्तरांचं नाव आठवतंय का अजून?

आबा_६३

आठवतंय की. का?

खडूस_मुंबईकर

काही नाही, सहज विचारलं.

झेडपीचा_मास्तर

मी बीड जिल्ह्यात आहे, दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. समुपदेशक वगैरे आमच्याकडं स्वप्नात पण नाही, त्यामुळं माझं ऐकून तुमच्या शाळेला किती उपयोग होईल माहीत नाही, पण सांगतो.

आमची अर्धी लेकरं ऊसतोडीवाल्यांची. दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीकडं. जी जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वर्ग लांब पुढं गेलेला असतो. लेकरू दारातून आत येतं आणि सगळ्यात मागं जाऊन बसतं, कुणी सांगावं लागत नाही. मग बाकीचे त्याला 'पाचट' (उसाचा वाळका पाला) म्हणतात, हे नाव मी स्वतः ऐकलंय. ते हसतं पण, कारण दुसरं काय करणार.

आम्ही यावर भाषण दिलं नाही. गावात थांबलेल्या प्रत्येक लेकराला फडावर गेलेला एक जोडीदार वाटून दिला. जोडीदाराचं काम एवढंच, त्याच्या वहीत रोज चार ओळी लिहायच्या, आज वर्गात काय झालं, कोण पडलं, खिचडीत काय होतं, कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली. अभ्यास पण लिहितात पण तो कमी. परत आल्यावर ती वही हातात द्यायची आणि पहिला आठवडा दोघांनी एकाच बाकावर बसायचं. ज्यानं वही लिहिली तो जोडीदाराला मागं जाऊ देत नाही, 'अय इकडं ये' म्हणून हात धरून आणतो. 'पाचट' म्हणणं पूर्ण बंद झालं असं नाही म्हणणार. पण म्हणणाऱ्याला आता वर्गातूनच कुणीतरी दटावतं, मला उठावं लागत नाही.

दुसरं, खिचडीची पंगत. कोण कुणाशेजारी बसतं हे तिथं दिसतं, वर्गात नाही दिसत. मी आणि आमच्या मॅडम आलटून पालटून मुलांतच जेवायला बसतो, ताट घेऊन, शेवटच्या टोकाला. बस.

आता उठतो, ऑनलाइन माहिती भरायची राहिलीये, ती भरली नाही तर आमच्यावर कुणी दया दाखवत नाही.

वर्गशिक्षिका_८ब

मास्तर, वहीची कल्पना आवडली, चोरणार आहे. आमच्याकडे लांब गावी जाणारे नाहीत पण आजारपणात आठ-दहा दिवस राहिलेली मुलं असतातच.

शेवटच्या ओळीवर मात्र सविस्तर बोलायचंय. माझ्या वर्गात ६२ मुलं आहेत. त्यात परीक्षेचं काम, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार जुळत नाही म्हणून पालकांना फोन. शेजारच्या तुकडीला शिकवणारे सर तासिका तत्त्वावर (तासागणिक पैसे) आहेत, पगार कधी येईल त्यांनाच माहीत नसतं, टप्पा अनुदानावरच्या (सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या शाळांतल्या) मैत्रिणी वर्षानुवर्षं पुढच्या टप्प्याची वाट बघतायत. असा माणूस आठव्या तासाला वर्गात शिरतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घालतं. तिथे त्याच्या तोंडून काय निघेल याच्यावर मुलांचं मानसिक आरोग्य अवलंबून असतं हो, व्याख्यानावर नाही. मी समर्थन नाही करत, फक्त सप्ताहात एक दिवस स्टाफरूमसाठी पण ठेवा एवढंच म्हणतेय. आणि तो 'ताणमुक्तीसाठी योगा' नको प्लीज, त्यापेक्षा त्या दिवशी एक ऑफ तास द्या.

समुपदेशक_पुणे

धागा उशिरा पाहिला. एका संस्थेच्या तीन शाळा सांभाळते, त्यामुळे प्रत्येक शाळेत आठवड्याला दोन दिवससुद्धा नीट मिळत नाहीत.

आधी आबांना, आदराने. सगळ्यांना काहीच झालं नाही असं नसतं आबा, ज्यांना झालं त्यांनी शाळा सोडली, ते आज तुमच्या गेट-टुगेदरला नसतात. आणि आता तो फक्त मतांचा विषय राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ वाचा, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. 'मानसिक' हा शब्द त्यात लिहिलेला आहे, हे पुष्कळ शिक्षकांनाही नवीन असतं.

मुग्धाताई, बाईंशी बोलताना हाताशी असावं म्हणून सांगते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या केसमध्ये देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं, सगळ्या स्टाफचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायचे आणि शक्यतो मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. आता तुमच्या शाळेत 'अ' तुकडी कशी ठरते ते बघा एकदा.

आकडा हवा असेल तर एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांवर मुलांना विचारलं होतं, त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. म्हणजे मुलं एकमेकांशी कितीही गोड वागली तरी निकालाच्या दिवशी आपण मोठी माणसं काय करतो हा प्रश्न उरतोच.

आणि समुपदेशक नेमला म्हणजे झालं असंही नाही. माझी एका शाळेतली खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून आहे. तिथे कोण मूल येणार? येताना सगळे बघतात. दुसरं म्हणजे शिक्षक वर्गात ओरडतात, 'थांब, तुला काउन्सेलरकडेच पाठवते'. झाली मग माझी खोली शिक्षेची जागा. मी काय केलं, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसायला लागले, पुस्तकांना कव्हर घालत. मुलं मदतीला येतात, कव्हर घालता घालता बोलतात. हात कामात असले की नजर भिडवावी लागत नाही, चौदा वर्षांच्या मुलाला तेच सोपं पडतं.

रेवाची_आई

मॅडम, जरा विषयाला सोडून आहे पण विचारते. मुलगी सातवीत. जूनपासून सकाळी पोट दुखतं म्हणते, शाळेची रिक्षा गेली की अकरापर्यंत बरी होते. घरचे म्हणतात नाटक. मी दोन-तीनदा रागावले पण. काय करू?

समुपदेशक_पुणे

रेवाच्या आई, विषयाला धरूनच आहे हे. आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, पोटाचं काही नाही ना हे नक्की होऊ दे. तिथे काही निघालं नाही तरी 'काहीच नाहीये' असं तिला म्हणू नका, मनावर ताण असला की पोट खरंच दुखतं, ती खोटं बोलत नसते.

मग पंधरा दिवस फक्त कॅलेंडरवर खूण करा, कोणत्या वारी दुखतं. पुष्कळदा एखादा तास, एखादी रिक्षा, एखादा खेळाचा दिवस असं सापडतं. आणि 'शाळेत कोणी त्रास देतं का?' असं समोर बसवून विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं. कणीक मळताना, गाडीवर मागे बसलेली असताना असं विचारा की मधल्या सुट्टीत तू कुठे असतेस, रिक्षात कोणाशेजारी बसतेस. माणसांची नावं आपोआप येतील, कोणती नावं अचानक यायची थांबली तेही कळेल. वर्गशिक्षिकेला एकट्यात भेटा, मुलीसमोर नको. तिला घरी ठेवायची सवय मात्र लागू देऊ नका, उशिरा का होईना शाळेत जाऊ दे.

एक मात्र सगळ्यांसाठीच. मूल 'मी नसले तर बरं', 'जगून काय करू' असं काही बोललं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर थेट आणि शांतपणे विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने डोक्यात विचार येतो हा गैरसमज आहे, उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलि-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकं असतात, तिथे पैसे लागत नाहीत, पण पुष्कळ पालकांना ती असतात हेच माहीत नसतं.

रेवाची_आई

थँक्यू मॅडम. रिक्षाचं डोक्यातच आलं नव्हतं. बघते.

प्राजक्ता_सरे

कॅनडातून, ब्रिटिश कोलंबिया. आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी पिंक शर्ट डे असतो, मुलं गुलाबी टी-शर्ट घालून जातात. सुरुवात २००७ ची, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका शाळेत नववीतला एक मुलगा पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला म्हणून त्याला टारगट पोरांनी छळलं. बारावीच्या दोन मुलांनी ते ऐकलं, संध्याकाळी दुकानात जाऊन पन्नास गुलाबी शर्ट विकत घेतले आणि दुसऱ्या दिवशी वाटले. शाळाभर गुलाबी.

आता खरं सांगते, आता त्याचं बरंचसं टी-शर्ट खरेदी झालंय. मुलगा सकाळी म्हणतो 'मॉम, पिंक कुठेय' आणि संपलं. पण मूळ गोष्टीत मला जे महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे हे शिक्षकांनी नाही केलं, वरच्या वर्गातल्या पोरांनी केलं, कोणी सांगितलेलं नसताना आणि दुसऱ्याच दिवशी. तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना यात काहीतरी खरं काम द्या, नाहीतर ते फक्त खुर्च्या लावतील आणि माइक टेस्टिंग करतील.

समुपदेशक_पुणे

प्राजक्ता, अगदी बरोबर. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा कार्यक्रम केलाय तो याच धाग्याने जातो. त्यांचं म्हणणं असं की छळणाऱ्याला प्रेक्षक लागतात, म्हणून फक्त त्याच्या आणि ज्याला छळलं त्याच्या मागे न लागता जे बघत उभे असतात त्यांच्यावर काम करा. त्यांनी हिरो व्हायची गरज नाही, हसायचं नाही, आणि नंतर जाऊन त्या मुलाशेजारी बसायचं, एवढं केलं तरी खेळातली मजा जाते. मास्तरांच्या शाळेत वहीमुळे नेमकं तेच झालेलं दिसतंय.

अकरावी_सायन्स

नमस्कार, मी सहसा फक्त वाचते, अकाउंट बाबांनी काढून दिलंय. दहावी आत्ताच संपली म्हणून लिहिते.

सगळे मारामारी, चिडवाचिडवी बोलतायत पण आता ते सगळं फोनमध्ये असतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा जांभई देतानाचा फोटो कोणीतरी काढला आणि त्याचं स्टिकर केलं, व्हॉट्सॅपला. मग कोणी काही बोललं की ते स्टिकर. सगळे टाकायचे, तिच्या मैत्रिणी पण. ती पण हसायची आणि स्वतःच टाकायची, म्हणजे तिला चालतंय असं सगळ्यांना वाटायचं. नंतर ती ग्रुपमधून लेफ्ट झाली तर 'भाव खाते' म्हणाले. शिक्षकांना हे दिसणारच नाही ना, वर्गात तर सगळे शांत.

आणि काय नको ते सांगू का. मार्क मोठ्याने वाचू नका, पेपर चढत्या क्रमाने लावून तर अजिबात नको. फी राहिलेल्यांची नावं वर्गात नका घेऊ, शिपाईकाका चिठ्ठी घेऊन येतात आणि तीच चार नावं प्रत्येक वेळी, सगळ्यांना पाठ झालेली असतात. कोणी रडलं तर सगळ्यांसमोर 'काय झालं, सांग ना, सांग' नका करू, त्याच्याइतकं भयंकर काही नसतं. आणि 'तुझी ताई बघ किती हुशार होती' हे पण.

मला नववीत खूप एकटं वाटायचं, तेव्हा पीटीच्या सरांनी काहीच विचारलं नाही, फक्त क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. रोज मधल्या सुट्टीत बॉल, दोऱ्या मोजून द्यायच्या आणि परत घ्यायच्या. मग ज्यांना बॉल पाहिजे ते सगळे माझ्याकडे यायचेच, बोलावंच लागायचं. सरांनी मुद्दाम केलं का माहीत नाही, मी विचारलं नाही कधी.

आबा_६३

बाळा, छान लिहिलंस. त्या पीटीच्या सरांसारखा मास्तर मिळायला पाहिजे.
फीची नावं आमच्याही वेळी वाचायचे. ते मला आवडायचं नाही.

खडूस_मुंबईकर

आबा 🙏 (यावेळी कोटी नाही)

वर्गशिक्षिका_८ब

@अकरावी_सायन्स, तुझा प्रतिसाद स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकू का? नाव नाही टाकत.

अकरावी_सायन्स

चालेल मॅडम.

मुग्धा_सातारा

मंडळी, काल मीटिंग झाली म्हणून अपडेट देते. तुमचे प्रतिसाद प्रिंट काढून नेले होते.

फ्लेक्स पूर्ण रद्द नाही झाला, संस्थेच्या अध्यक्षांना फोटो हवाय, लहान करून घेतलाय आणि त्यावर १४४१६ आणि १०९८ मोठ्या अक्षरात टाकायला लावले, म्हणजे सप्ताह संपल्यावर तरी उपयोगी पडेल. सेल्फी पॉइंट गेला. निबंध स्पर्धा गेली, मराठीच्या बाई जरा नाराज आहेत.

फीची नावं वर्गात घेणं बंद, याला बाई लगेच हो म्हणाल्या, पालकांना मेसेज जाईल. मार्क वाचून दाखवण्यावर मात्र चांगलीच जुंपली. गणिताचे सर म्हणाले त्याशिवाय मुलांना इर्षा येत नाही, आणि गंमत म्हणजे दोन-तीन पालकही त्यांच्याच बाजूने! आपल्या पोराचा नंबर कितवा हे कळायला हवं म्हणे. शेवटी या सहामाहीपुरतं पेपर घडी घालून द्यायचे असं ठरलं, नंतर परत बोलायचं. तुकड्यांचा विषय मी काढला तेव्हा 'जूनमध्ये बघू' म्हणाल्या, म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

आठवीपर्यंत 'आनंददायी शनिवार' आहेच सरकारचा, तो आमच्याकडे बहुतेक राहिलेला पोर्शन पूर्ण करण्यात जातो. त्यातला एक तास नववीच्या मुलांनी पाचवी-सहावीला घ्यायचा, खेळ, पुस्तक, काहीही. ही प्राजक्ताची कल्पना. दहावीला यातून वगळलंय, ते अपेक्षितच होतं.

जिन्याखालच्या मुलाबद्दल वेगळं बोलले, सगळ्यांसमोर नाही, फक्त त्याच्या वर्गशिक्षिकेशी. त्याला आता ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली देऊन बघू म्हणाल्या. त्याच्या आईला आधी विचारणार आहेत.

आणि समुपदेशक. शाळेत साडेसहाशे मुलं आहेत, मी न्यायालयाचा मुद्दा मांडला. बाई म्हणाल्या मंजूर पद नाही, पगार कुठून देऊ. संस्थेला पत्र लिहायचं ठरलंय. तोवर दोन शिक्षकांचं प्रशिक्षण करून घेऊ म्हणाल्या, केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत असे दोन शिक्षक असायला हवेत म्हणे, आमच्याकडे त्यांची नावं कागदावर आहेत, त्यातले एक सर गेल्या वर्षी रिटायर झाले.

स्टाफला ऑफ तास मिळाला नाही, पण त्या शनिवारी पालक वर्गात थांबतील आणि सगळे शिक्षक एकत्र डबा खातील. ८ब मॅडम, सध्या एवढंच जमलं.

मुलांना काही सांगायचं असेल तर चिठ्ठी टाकायला पेटी आहेच नियमाप्रमाणे, ती रंगवून नवीन करतोय.

झेडपीचा_मास्तर

लई झालं की एका मीटिंगमध्ये. वह्यांचं काही ठरलं तर कळवा, आमच्या लेकरांनी लिहिलेलं एखादं पान पाठवतो नमुना म्हणून, नावं झाकून. दिवाळी झाली की आमच्याकडं पुन्हा वाटप सुरू.

अकरावी_सायन्स

मुग्धा काकू, पेटी कुठे लावणार? आमच्या शाळेत ऑफिसच्या दारात होती, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. त्यात फक्त चॉकलेटचे कागद निघायचे. मुलींच्या टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये वगैरे एक लावा, आणि किल्ली कोणाकडे आहे तेपण मुलांना सांगा.

मुग्धा_सातारा

अगं बरं झालं बोललीस. ऑफिसबाहेरच ठरलीये, आणि हो, कॅमेरा आहे तिथे. आत्ताच बाईंना मेसेज टाकते.